राक्षसाचं कोष्टक

मध्यंतरी एका शनिवारी स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. मोठी माणसं वर दिवाणखान्यात गप्पा मारत बसली होती आणि मुलं खाली बेसमेंटमध्ये. पानं वाढली तरी मुलांचा पत्ता नाही, म्हणून त्यांना हाक मारायला मला खाली पाठवण्यात आलं. जाऊन पाहतो तर एका टेबलाभोवती पाच मुलं बसलेली, समोर कागद, पेन्सिली, नाना आकारांचे फासे आणि जाडजूड पुस्तकं. मला पाहताच स्नेह्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलानं एक पुस्तक उघडून पुढे सरकवलं आणि विचारलं, "काका, हे आपलंच आहे ना? ह्याचे हात खरंच उलटे असतात?"

पानावर एक चित्र होतं. अंगावर उंची वस्त्रं, धड माणसाचं, तोंड वाघाचं. तळहात जिथे असायला हवेत तिथे हाताची पाठ आणि पाठीच्या जागी तळवे. वर ठळक अक्षरांत नाव छापलेलं: राक्षस.

मला आधी हसू आलं आणि मग थोडा रागही आला. म्हटलं, "अरे, राक्षस असा नसतो." मुलानं सरळपणे विचारलं, "मग कसा असतो?" मी मोठे सुळे, डोक्यावर शिंगं, पिंजारलेले केस, गडगडाटी हसणं असं काहीबाही सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. कारण माझ्या लक्षात आलं की मी जो राक्षस सांगत होतो तो लहानपणी 'चांदोबा'त पाहिलेला. त्याचाही वाल्मीकींशी किंवा व्यासांशी फारसा संबंध नव्हता. त्या रात्री मुलांना जेवायला वर आणलं, पण "मग कसा असतो?" हा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्यानंतरचे काही आठवडे मी ते पुस्तक, त्याचे पूर्वज आणि आपल्याकडचे जुने ग्रंथ असं सगळं उलटसुलट चाळलं. त्यातून जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो.

ज्यांच्या घरात हा खेळ अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तो प्रसिद्ध झाला. यात पट असलाच तर नावापुरता. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. बेत फसला की साधला हे फासे ठरवतात, त्यातला वीस बाजूंचा फासा मुख्य. थोडक्यात, कीर्तनकाराला श्रोत्यांनी मध्येच थांबवून "नाही बुवा, आता भीम असं करतो" म्हणावं, तसा हा प्रकार. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच तोंडानं गोष्ट सांगणाऱ्या समाजातल्या माणसाला हा खेळ परका वाटायचं कारण नाही. मला तर तो आवडला.

या खेळात वीरांना लढायला कोणीतरी लागतं. त्यासाठी १९७७ साली 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाचा ग्रंथ निघाला. साडेतीनशेहून अधिक अक्राळविक्राळ प्राणी त्यात वर्णानुक्रमे मांडले होते. ग्रीक, नॉर्स, केल्टिक, ज्या संस्कृतीच्या कोठारात हात जाईल तिथून माल उचललेला. आपल्याकडचे नाग त्यात आहेत, आणि राक्षसही आहे. त्या आवृत्तीतल्या चित्रात तो वाघतोंड्या राक्षस घरात घालायचा झुळझुळीत कोट घालून, हातात पाइप धरून ऐटीत बसला आहे. त्याला ठार करायचा हमखास उपाय म्हणजे धर्मगुरूनं मंतरलेला क्रॉसबोचा बाण.

क्रॉसबो? आपल्या कुठल्या पुराणात राक्षसाला क्रॉसबोनं मारलं आहे? या बाणाचा माग काढत गेलं की माणूस लंकेला पोचत नाही, शिकागोला पोचतो. 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' नावाची एक मालिका १९७४-७५ मध्ये इथल्या दूरदर्शनवर लागत असे. कोल्चॅक हा शिकागोतला वार्ताहर, आणि दर आठवड्याला त्याची गाठ एका नव्या भुताशी. २० डिसेंबर १९७४ रोजी दाखवलेल्या भागात वृद्ध ज्यू माणसांच्या वस्तीत एक राक्षस शिरतो. समोरच्याचा ज्या माणसावर विश्वास असेल त्याचं रूप घेऊन तो जवळ येतो आणि खातो. त्याच्या मागावर असलेला म्हातारा हिंदू शिकारी शेवटी आपला क्रॉसबो कोल्चॅकच्या हाती देतो. गायगॅक्स यांनी राक्षस उचलला तो इथून. जवळच्या माणसाचं रूप घेण्याची युक्ती आणि मंतरलेला बाण, दोन्ही त्याच भागातले. वाघाचं तोंड मात्र तिथे नाही, ते खेळाच्या चित्रातून आलं.

त्या भागातली एक गोष्ट मला विलक्षण वाटली. राक्षसापासून रक्षण व्हावं म्हणून भिंतींवर स्वस्तिकं काढलेली असतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या ज्यू माणसांना ती पाहून धडकी भरते. त्यांच्या लेखी ते नाझींचं चिन्ह, आणि कोणीतरी आपल्या जिवावर उठलं आहे याची खूण. एका साध्या भुताच्या गोष्टीत लेखकानं हे सहज टिपलं आहे की चिन्ह तेच असलं तरी कोणी काय सोसलं आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. माझ्या मते त्या भागातली खरी भयकथा ही आहे. पण खेळाच्या ग्रंथानं उचलला तो बाण, स्वस्तिकाची गोष्ट तिथेच राहिली.

इथवर आल्यावर मी मनातल्या मनात लेख पुरा केला होता. परक्यांनी आपल्या राक्षसाचं कसं माकड केलं, वाघाचं तोंड काय, उलटे हात काय, वगैरे. मग खात्री करून घ्यावी म्हणून वाल्मीकी रामायण काढलं आणि पंचाईत झाली. सुंदरकांडात अशोकवनात सीतेभोवती पहारा देणाऱ्या राक्षसींचं वर्णन आहे. कोणाला एकच डोळा, कोणाला एकच कान, आणि काहींची तोंडं डुकराची, हरणाची, म्हशीची, बोकडाची आणि वाघाची! म्हणजे वाघाचं तोंड वाल्मीकींनीच दिलेलं. लेक जिनिव्हाच्या चित्रकाराला हे ठाऊक असण्याचा संभव कमीच, पण चुकून का होईना, त्याचा नेम बरोबर लागला होता. तेव्हा रूपावरून भांडण करायची सोय राहिली नाही.

मग माझं भांडण कशाशी आहे? त्यासाठी त्याच राक्षसींची पुढची हकिगत पाहावी लागेल. युद्ध संपतं, रावण पडतो. विजयाची वार्ता घेऊन आलेला हनुमान सीतेला विचारतो, तुला छळणाऱ्या या राक्षसींना मारून टाकू का? सीता नको म्हणते. ती सांगते की या दासी होत्या, राजाच्या हुकमाच्या ताबेदार होत्या. अपराध कोणाच्या हातून होत नाही? ज्या बाईनं त्यांच्या धमक्या महिनोन्‌महिने ऐकल्या तिचे हे उद्गार. वाघतोंड्या राक्षसींचा वाल्मीकींनी केलेला शेवट असा आहे. तोंड वाघाचं असलं तरी ती कोणाच्या तरी चाकरीत आहे, तिला मालक आहे, तिची बाजू आहे, आणि त्या बाजूनं बोलणारं कोणी सापडू शकतं.

आता पुन्हा त्या मुलाच्या पुस्तकाकडे येऊ. त्याच्या हातातली आवृत्ती २०१४ सालची होती. तिथे राक्षसाचं कोष्टक असं आहे: चिलखताची ताकद १६, जीव ११०, आव्हानाची पायरी १३. सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्यावर चालत नाहीत. चांगल्या माणसानं मंतरलेल्या टोकदार शस्त्रानं भोसकलं तर मात्र जखम दुप्पट. क्रॉसबोचा तो बाण चाळीस वर्षांनी असा अजून शिल्लक आहे. सोबत थोडं वर्णनही आहे. हे राक्षस नरकातले सैतान, माणसाच्या जगात रूप घेऊन येतात, चैनीत राहतात, मारले तर नरकात परत जातात आणि मारणाऱ्याचा सूड घ्यायला पुन्हा येतात. वर्णन रंजक आहे, ते मी नाकारत नाही. पण हे सगळं कोष्टक एकाच प्रश्नाचं उत्तर आहे: हा मरतो कसा?

याला कारण आहे. हा खेळ जन्मला तो टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांच्या मंडळातून. गायगॅक्स यांनी १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्याबरोबर मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम केले होते, आणि तिथे तलवारवाला किती घाव सोसतो हे सांगणं भागच होतं. पुढे तलवारवाल्याच्या जागी राक्षस आला, पण रकाने तेच राहिले. या ग्रंथातले काही नामांकित प्राणी कसे जन्मले याची हकिगतही मोठी बोलकी आहे. गायगॅक्स यांना हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांची एक पिशवी मिळाली होती. त्यातल्या चित्रविचित्र आकारांना नावं आणि आकडे मिळाले, आणि घुबडाच्या तोंडाचं अस्वल व लोखंडाला गंज चढवून खाणारा किडा हे प्राणी तयार झाले. म्हणजे आधी आकार, मग शक्ती, आणि कथा सवड मिळाल्यास. प्लास्टिकच्या खेळण्याला हे चालतं, कारण त्याला भूतकाळच नसतो. राक्षसाला आहे.

किती आहे, ते महाभारतात पाहू. बकासुराची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकानं ऐकलेली आहे, आणि बहुतेकांनी मुलांना भरवताना सांगितलेलीही आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. भीम जातो, राक्षसासमोरच बसून भात फस्त करतो, त्याला मारतो, गोष्ट संपली. आदिपर्वातली गोष्ट मात्र तिथे सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. ज्याच्या घरी पांडव उतरले आहेत तो एकचक्रेचा ब्राह्मण कुंतीला सांगतो की आमचा राजा दुबळा आहे, त्याच्यानं प्रजेचं रक्षण होत नाही. या मुलखाचं परचक्रापासून रक्षण करतो तो बक. गाडाभर भात, दोन रेडे आणि माणूस हे त्याचं ठरलेलं वेतन. व्यासांनी शब्दच 'वेतन' हा वापरला आहे. म्हणजे बक हा काही रानातून अचानक उपटलेला पशू नाही. नालायक राजानं मोकळी सोडलेली जागा त्यानं भरली आहे आणि तिची भयंकर किंमत तो वसूल करतो. आपल्या शहरांतून हप्ते घेणाऱ्या दादांचा ज्यांना परिचय आहे त्यांना बक समजावून सांगावा लागणार नाही.

गंमत म्हणजे 'राक्षस' या शब्दाची जी कुळकथा रामायणाच्या उत्तरकांडात दिली आहे तीही हेच सांगते. प्रजापतीनं पाणी निर्माण केलं आणि ते सांभाळायला प्राणी निर्माण केले. त्यातले जे "आम्ही रक्षण करू" म्हणाले ते राक्षस झाले. भाषाशास्त्री ही व्युत्पत्ती मानोत न मानोत, रक्षण करणारा आणि खाणारा यांच्यात फार अंतर नसतं हे त्या कथाकाराला माहीत होतं एवढं नक्की.

आणि गोष्टीचा शेवट? बकाची किंकाळी ऐकून त्याचे नातेवाईक, चाकरमाणसं घराबाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही. तो त्यांना धीर देतो आणि एक करार करतो: यापुढे माणसाला मारायचं नाही, मारलंत तर तुमचीही हीच गत. ते कबूल होतात, आणि त्या दिवसापासून नगरातल्या लोकांना तिथले राक्षस सौम्य दिसू लागले, असं व्यास नोंदवतात. घासाबरोबर सांगायच्या गोष्टीतून आपण हा करार वगळला. वेतनही वगळलं. उरला तो भात आणि मार. म्हणजे गायगॅक्स यांच्या कितीतरी आधी आपणही आपल्या राक्षसाचं कोष्टकच केलं होतं, फक्त त्यात आकडे नव्हते.

हे मी सहज म्हणत नाही. घटोत्कचाकडे पाहा. तो भीमाचा थोरला मुलगा, हिडिंबेच्या पोटचा. आठवण केली की धावून येणारा. चौदाव्या रात्री तो कौरवसैन्याची अशी दाणादाण उडवतो की कर्णाला इंद्रानं दिलेली शक्ती त्याच्यावर सोडावी लागते. ती एकदाच वापरता येणारी, आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली. घटोत्कच पडतो, पडताना शत्रूच्या सैन्यावर देह टाकतो. पांडव रडतात, आणि कृष्ण आनंदानं नाचू लागतो. अर्जुन कारण विचारतो. कृष्ण सांगतो की ती शक्ती खर्ची पडली, तू वाचलास. आणि पुढे म्हणतो की हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, कर्णानं मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. द्रोणपर्वातला हा प्रसंग मी आजवर अनेकदा वाचला, पण दर वेळी तिथे थांबावं लागतं. आपल्या बाजूनं लढून मेलेल्या राक्षसाचाही हिशेब शेवटी एका बाणाच्या किमतीत होतो, हे व्यासांनी लपवलेलं नाही. पण त्यांनी भावांचं रडणंही तितकंच स्पष्ट लिहिलं आहे. कोष्टक करणारा आणि ज्याचं माणूस गेलं तो, दोघांनाही त्यांनी एकाच रात्री समोरासमोर उभं केलं. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये खांडववनाच्या दहनाबद्दल लिहिताना असाच अवघड प्रश्न विचारला होता. एवढे जीव आगीत लोटण्यात कसला पराक्रम? त्या आगीतून जी सहा जणं वाचली त्यांतला एक मयासुर, आणि पांडवांची डोळे दिपवणारी सभा बांधली ती त्यानंच.

यावरून आपली परंपरा सखोल आणि इथली उथळ, असा निष्कर्ष कोणी काढेल तर तो चुकेल. इंग्रजांचं सर्वांत जुनं महाकाव्य 'बेओवुल्फ'. त्यातला ग्रेंडेल हा नरभक्षक रात्री राजवाड्यात शिरून माणसं खातो. बेओवुल्फ त्याचा हात उपटून विजयचिन्ह म्हणून मिरवतो. मग रात्री ग्रेंडेलची आई येते, सूड घेते आणि जाताना मुलाचा हात घेऊन जाते. ज्या कवीला ही आई सुचली त्याला राक्षस हे काय प्रकरण आहे ते कळलं होतं. या काव्यातले राक्षस म्हणजे कडेची नक्षी नव्हे, ते काव्याच्या मध्यभागी आहेत, असं प्रतिपादन टॉल्किन यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात केलं. मेरी शेलीनं तर १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ऐन मधली प्रकरणं त्या विद्रूप जीवाच्याच तोंडी दिली. पण त्याच टॉल्किन यांच्या कादंबरीतले ऑर्क मात्र हजारांनी कापले जातात. ते असे का झाले, त्यांना उद्धार आहे की नाही, हा प्रश्न टॉल्किन यांना अखेरपर्यंत छळत राहिला आणि त्यांना समाधानकारक उत्तर सापडलं नाही. खेळानं त्यांचे ऑर्क घेतले, छळणारा प्रश्न घेतला नाही.

खेळ हा प्रकारच मुळात उथळ, असंही मी म्हणणार नाही. टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' हा संगणकावरचा खेळ २०१५ मध्ये आला. त्यात भेटणाऱ्या प्रत्येक राक्षसाला मारता येतं, पण न मारताही पुढे जाता येतं. त्यासाठी त्याला काय हवं आहे, तो कशानं दुखावला आहे हे ओळखावं लागतं. एकालाही न मारता खेळ पुरा करता येतो, आणि मारत सुटलात तर खेळ ते विसरत नाही. म्हणजे फाशांनाही दुसरा प्रश्न विचारता येतो.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनाही हे जाणवलेलं दिसतं. एखादी अख्खी जमात जन्मतः दुष्ट ठरवणं माणसांच्या जगातल्या फार वाईट सवयींची आठवण करून देतं, ही टीका वाढत गेली आणि २०२० मध्ये त्यांनी ऑर्क वगैरेंचं चित्रण बदलण्याचं जाहीर केलं. २०२४ च्या आवृत्तीत ऑर्क हा खेळाडूनं स्वतः घ्यायच्या पात्रांत आला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत निघालेल्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधून त्याचं पान गेलं. हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण यात एक मेख आहे. जो आपल्यातला ठरला त्याचं नाव यादीतून खोडलं, यादी आणि तिचे रकाने मात्र तसेच राहिले. भीमानं यादीतून नाव खोडलं नव्हतं. बकाचे नातेवाईक करारानंतरही राक्षसच राहिले. बदललं ते त्यांच्याशी असलेलं नातं.

अशा याद्या आपल्याकडेही आहेत, आणि त्यांतली एक मला या निमित्तानं पुन्हा वाचायला मिळाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी वध केला हे आपण इतिहासात वाचतो. हे जॅक्सन लोकसमजुतींचे अभ्यासक होते, आणि त्यांच्या प्रश्नावलीला गावोगावच्या शाळामास्तरांनी उत्तरं पाठवली होती. पुढे एन्थोवेन यांनी ती संपादित केली. त्यातला कोकणाचा खंड १९१५ मध्ये निघाला. त्यात कोकणातल्या भुतांची अशी बिनचूक वर्गवारी आहे की लेक जिनिव्हाकरांनी थक्क व्हावं. पण तिचे रकाने निराळे आहेत. मुंज झाली, लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. बाळंतपणात बाई गेली, ती अळवंत. वासना अडकून राहिली, वंशाला कोणी उरलं नाही, तो समंध. भूत कोणतं हे ठरतं ते तो माणूस कोणत्या अवस्थेत, काय अपुरं ठेवून गेला त्यावरून. आणि उपाय म्हणजे बहुधा त्याला हवं ते देणं. लेक जिनिव्हाचं कोष्टक विचारतं, हा मरतो कसा? कोकणातलं विचारतं, हा असा झाला कसा, आणि याला काय हवं?

हे वाचून ऊर भरून यायला नको. याच यादीत खवीस आहे, म्हणजे मुसलमानाचं भूत. ज्या बाईचं हाल होऊन मरण आलं तिलाच मेल्यावर गावानं टाळायचं, हेही याच यादीत आहे. परका आणि दुबळा यांना भूत करण्यात आपणही मागे नव्हतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त पुराणं उलटी करून वाचली, बळीला न्यायी राजा आणि वामनाला कपटी ठरवलं, ते काही उगाच नाही. राक्षस म्हटलं कोणी आणि कोणाला, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो एकदा विचारल्यावर मिटवता येत नाही. पाडव्याला आपल्या आया बळीचं राज्य येवो म्हणतात तेव्हा त्याही नकळत तोच विचारत असतात.

तरीसुद्धा आपल्या मातीत एक सोय होती, ती मला मोलाची वाटते. जेजुरीला जाणाऱ्यांना ती माहीत आहे. खंडोबानं मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार केला, त्याची आठवण म्हणून आपण चंपाषष्ठी करतो. पण मरताना मणी शरण आला, त्यानं देवाजवळ जागा मागितली आणि देवानं ती दिली. आजही तिथे मणीची पूजा होते. मल्ल तर देवाच्या नावातच जाऊन बसला, मल्हारी म्हणताना आपण त्याचंही नाव घेतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त पुण्याच्या आसपासच्या म्हसोबाचा शोध घेतला आहे. एका ठिकाणी हा महिषासुर देवीच्या पायाखाली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच देवीचा नवरा आहे. कोसंबींनी त्यात दोन जमातींचं भांडण आणि सोयरीक पाहिली. मला त्यात असंही दिसतं की ज्याच्याशी लढलो त्याच्याबरोबर पुढे राहायचं आहे हे गावाला कळत होतं. मारून निघून जायची मुभा फक्त प्रवाशाला असते.

आणि इथेच, मला वाटतं, आपल्या मुलांच्या त्या टेबलाचा विषय येतो. खेळातले वीर सदा प्रवासात असतात. गावात येतात, राक्षस मारतात, खजिना घेतात, पुढच्या गावाला जातात. आपली मुलं प्रवासी नाहीत. ती याच देशात जन्मली, इथेच राहणार. शाळेत एखाद्या दिवशी त्यांच्याच देवांची तोंडं आणि हात मोजून कोणी त्यांना विचित्र ठरवलं असेल. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाबाहेरही थोडंफार कळत असणार. म्हणून ते पुस्तक त्यांच्या हातून काढून घ्यावं असं मला वाटत नाही. त्याला शेजार द्यावा एवढंच वाटतं. बकाची गोष्ट पूर्ण सांगावी, वेतनापासून करारापर्यंत. घटोत्कचाची रात्र न गाळता सांगावी. सीतेनं हनुमानाला काय सांगितलं ते सांगावं. वाघाचं तोंड खुशाल राहू द्यावं, ते वाल्मीकींचंच आहे.

महिन्याभरानं पुन्हा त्या स्नेह्यांकडे जाणं झालं. या वेळी मी होऊन खाली गेलो आणि मुलांना बकासुराची सबंध गोष्ट सांगितली. ती मन लावून ऐकत होती. सूत्रधार मुलानं राक्षसाच्या कोष्टकाखाली पेन्सिलीनं एक ओळ वाढवली आणि मला दाखवली: पगार, एक गाडा भात, दोन रेडे, एक माणूस. मला बरं वाटलं. मग खेळ सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत चौघांनी मिळून त्या राक्षसाला मारलं, क्रॉसबोनंच. आरडाओरडा झाला, खजिन्याची वाटणी सुरू झाली.

सूत्रधारानं सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "ओके, पण आता या गावाचं रक्षण कोण करणार?"

चौघंही एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात वरून पानं वाढल्याची हाक आली.